खर्ज, टीप आणि जुन्या तबकड्या: संगणकावरील दोन पट्ट्यांचा इतिहास (थ्रेड)

१/ विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या संगणकावर व्हॉल्यूम कंट्रोलमधील ‘ॲडव्हान्स्ड’ बटण दाबले, की बहुधा दोन सरकत्या पट्ट्या दिसत: बास आणि ट्रेबल. पहिली खर्जाचा जोर कमी-अधिक करी, दुसरी टिपेच्या स्वरांचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या पट्ट्या का कळाव्यात, ते पाहू.

२/ हिंगोली जिल्ह्यातील हट्ट्यात बसून शंभर वर्षांपूर्वीचे गायन ऐकायचे, तर घरचा संगणक हेच आपले अभिलेखागार. तबकडीवरून उतरवलेला तो आवाज पातळ, कर्कश वाटतो आणि आपण निष्कर्ष काढतो: पूर्वीचे गायक चिरक्या आवाजात गात, तबल्याची साथही जेमतेम असे. साधनचिकित्सा मात्र राहून जाते.

३/ ग्रामोफोन कंपनीच्या भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ चा. फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. तेव्हा या कामात मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी गायचे. आवाजाच्याच बळावर सुई मेणात चर कोरी.

४/ या पद्धतीत ढोबळमानाने २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उमटे. डग्ग्याचा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा. तो मैफलीत होता, तबकडीवर जवळजवळ नोंदलाच गेला नाही. साथ दुबळी नव्हती, नोंद अपुरी होती.

५/ १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण आले. पट्टा सुमारे १०० ते ५,००० हर्ट्झपर्यंत रुंदावला. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) दोन्ही युगांत मुद्रित झाले: १९०५ च्या सुमारास आणि १९३० च्या दशकात.

६/ ही दोन्ही साधने शेजारी ठेवून ऐकावीत. मधल्या काळात गायकाचे वय वाढले, हे ध्यानी असावे. तरीही उत्तरकालीन तबकड्यांत आवाज उंच आणि बारीकच ऐकू येतो. म्हणजे तो बारीकपणा केवळ कर्ण्याच्या माथी मारता येत नाही; तो गळ्याचाही विशेष आहे.

७/ आता एक गुंतागुंत. खर्जाच्या कंपनांना रुंद चर लागतो. तो शेजारच्या चरात घुसू नये म्हणून विद्युत तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम घटवला जाई. वाजवताना तो तेवढाच वाढवायचा. किती, हे कंपनीगणिक वेगळे. १९५४ मध्ये आरआयएए मानक आले, पण त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्या मापाने कोरलेल्या नाहीत.

८/ ऐकणाऱ्याच्या हाती आलेल्या बास-ट्रेबलच्या खुंट्यांचा प्रसिद्ध आराखडा ब्रिटिश अभियंता पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडला. खुंटी मध्यावर ठेवली, की आवाज जसाच्या तसा. संगणकावरील पट्ट्यांनीही हीच रीत पुढे चालवली.

९/ म्हणून ऐकण्याची शिस्त अशी: पट्ट्या आधी मध्यावर. मग बास हळूहळू वाढवा. १९०५ च्या मुद्रणात घरघर वाढेल, डग्गा परतणार नाही. १९३० च्या दशकातील तबकडीत मात्र घटवलेला खर्ज काही अंशी भरून येऊ शकतो. ट्रेबल उतरवला तर खरखर कमी होते, पण ‘स’, ‘श’ आणि तबल्याच्या किनारीची धारही जाते.

१०/ विंडोज व्हिस्टापासून (२००७) ही सोय ध्वनिउपकरणाच्या ‘एन्हान्समेंट्स’ विभागात गेली. तेथे काय मिळेल, हे संगणकातील ड्रायव्हरवर ठरते. काही यंत्रांत हे बदल आधीपासूनच चालू असतात. जुने मुद्रण तपासण्यापूर्वी ते बंद करावेत.

११/ झिजलेल्या शिलालेखावर तिरपा प्रकाश टाकला, की अक्षरे उठून दिसतात. फुटून गेलेल्या ओळीवर कितीही प्रकाश टाकला, तरी ती परत येत नाही. बासची पट्टी त्या प्रकाशासारखी आहे: घटवलेले वर काढते, न नोंदलेले निर्माण करीत नाही.

१२/ तेव्हा पुढच्या वेळी जुने गाणे सामायिक करताना मुद्रणाचे वर्ष आणि कंपनी जरूर लिहा. तबकडीवरील लेबलचे छायाचित्र असेल तर उत्तमच. ऐकणाऱ्याला पट्टी कुठे ठेवायची, हे त्यावरूनच ठरवता येईल.