गर्भाचे रक्ताभिसरण

आईचेच रक्त नाळेवाटे गर्भाच्या शरीरात खेळत असते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. गर्भाचे रक्त त्याचे स्वतःचे असते आणि फलनानंतर सुमारे तीन आठवड्यांतच त्याच्या हृदयाचे स्पंदन सुरू होते. आई व गर्भ यांचे रक्त वारेमध्ये पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहते. प्राणवायू व पोषकद्रव्ये त्या पडद्यातून पलीकडे जातात. गर्भाचे हिमोग्लोबिनही वेगळ्या प्रकारचे असून ते प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते.

नाळेतील एकमेव नीला शुद्ध रक्त आणते, तर दोन रोहिण्या अशुद्ध रक्त वारेकडे परत नेतात. गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. तेथे सारे रक्त पाठवणे व्यर्थच. म्हणून निसर्गाने आडवाटा ठेवल्या आहेत. एका वाटेने रक्ताचा काही भाग यकृताला वळसा घालून हृदयाकडे येतो. दुसरी वाट म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे अंडाकृती छिद्र. त्यातून अधिक प्राणवायू असलेले रक्त डावीकडे जाऊन मेंदूला मिळते. तिसरी वाट फुप्फुस-रोहिणीला महारोहिणीशी जोडणारी वाहिनी, अर्थात ‘डक्टस आर्टेरिओसस’.

पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे फुलतात, डाव्या कप्प्यातील दाब वाढतो आणि छिद्रावरची झडप मिटते. (सुमारे चौथ्या हिश्श्याच्या प्रौढांत ते पूर्ण बुजत नाही, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.) जोडवाहिनी साधारणतः दोन-तीन दिवसांत आकुंचन पावून बंद होते.

खरा प्रश्न या वाहिनीचाच असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती उघडी राहून फुप्फुसांवर रक्ताचा भार पडू शकतो. अशी उघडी राहिलेली वाहिनी शस्त्रक्रियेने बांधण्यात बोस्टनचे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांना 1938 मध्ये यश आले. उलट काही जन्मजात हृदयदोषांत तीच जीवनदोरी ठरते. असे बाळ जन्मतः ठीक दिसते. वाहिनी मिटू लागताच निळे पडते वा मलूल होते, दूध ओढत नाही. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देऊन ती उघडी ठेवतात व शस्त्रक्रियेपुरता अवधी मिळवतात.

गर्भाशयातही हेच द्रव्य वाहिनी उघडी राखते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या त्याची निर्मिती रोखतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत त्या घेतल्यास वाहिनी पोटातच आकसण्याचा धोका संभवतो. त्यामुळे डॉक्टर त्या काळात या गोळ्या टाळण्यास सांगतात.