मेणातले पडदे
पलटणीतल्या तमिळ सोबत्याच्या गावी, पापनाशम्‌ला आलो होतो. बराकीत किटमधून जोडलेली माझी इलेक्ट्रिक गिटार आठवली. पडदे कारखान्यातच ठोकलेले, तरी मी ब्रिज जरा पुढे बसवला आणि वरचे सूर बिघडले.

जवळच्या तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. तिचे 24 पडदे मेणात, कानाने ऐकून बसवतात. ही रचना पक्की केल्याचे श्रेय 17व्या शतकातल्या रघुनाथ नायकाला देतात. पुढे 1855 पर्यंत तिथे आपले भोसले होते. नायक गेले, भोसले गेले; वीणा अजून घडते. मेण झिजले की पडदे काढून पुन्हा बसवतात.

परत गेलो की ब्रिज उखडणार आहे.