'मणक्यात गॅप'ची गोष्ट

मागच्या महिन्यात मामाने व्हॉट्सॲपवर एमआरआयचा रिपोर्ट पाठवला. "तू पीएचडी करतेस ना गं, सांग काय लिहिलंय." रिपोर्टमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज' असं होतं. तेवढं वाचून मामाने वाकणंच बंद केलं होतं. आधी विचारलं, पाय बधिर होतात का, लघवीवर ताबा आहे ना? कारण तसं असेल तर थांबायचं नसतं. तसं काही नव्हतं.

आपल्याकडे 'मणक्यात गॅप आलाय' म्हणतात. खरं तर गॅप सगळ्यांनाच असतो! १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले, पण त्यांत हाड दिसतं, दोन मणक्यांमधली गादी दिसत नाही. दिसते ती फक्त रिकामी जागा. गादी झिजली की ही जागा उलट कमी होते.

१९२० च्या दशकात फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळलेलं लिपिओडॉल मणक्याच्या पोकळीत सोडलं. तेल कुठे अडतं ते क्ष-किरणांत दिसायचं. अडवणारी गाठ बाहेर काढली की तिला कूर्चेचा ट्यूमर म्हणत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मिक्स्टर आणि बार यांनी अशा जुन्या गाठींचे नमुने पुन्हा तपासले. बऱ्याचशा गाठी म्हणजे फुटलेल्या गादीचे तुकडे निघाले. १९३४ मध्ये त्यांचा पेपर आला आणि पाठ-पायाच्या दुखण्याला एक ठोस आरोपी मिळाला. नमुने जुनेच होते, फक्त प्रश्न नवा होता. मला हा भाग फार आवडतो.

पण ज्यांचं दुखत नाही, त्यांच्या गाद्या कोणी पाहिल्या होत्या?

१९६८ मध्ये हिट्सेलबर्गर आणि विटेन यांनी कानाच्या नसेच्या ट्यूमरसाठी तपासलेले ३०० जण घेतले. पाठीची तक्रार नसताना ३७ टक्क्यांच्या मायलोग्राममध्ये दोष होता. मग एमआरआय आला. गादीतलं पाणी टी-२ चित्रात पांढरं चमकतं, वाळलेली गादी काळी दिसते. १९९४ मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे स्कॅन केले. त्यांत दुखणाऱ्यांचे २७ स्कॅन मिसळून दिले, म्हणजे वाचणाऱ्याला कोण कुठला ते कळू नये. ९८ पैकी ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी बल्ज होता! मात्र गादीचा भाग पार बाहेर पडलेला (एक्स्ट्रुजन) फक्त १ टक्क्यात. म्हणजे चित्र निरुपयोगी नाही, पण बल्ज या शब्दाला घाबरण्यात अर्थ नाही.

हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये मी रिपोर्टमध्ये 'बल्ज' असेल तो रुग्ण, असं लेबल लावून मॉडेल शिकवणार होते. गाइडनी एवढंच विचारलं, "न दुखणाऱ्यांचे स्कॅन कुठेत?" एकही नव्हता. हॉस्पिटलच्या डेटात ते येणार कुठून, दुखल्याशिवाय एमआरआय कोण काढतं? प्रपोजल पुन्हा लिहायला चार महिने गेले.

मामाला यातला ५२ टक्क्यांचा आकडा पाठवला. त्याने विचारलं, "मग माझं दुखतंय ते कशाने?"

त्याचं उत्तर त्या स्कॅनमध्ये नव्हतं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, तो करतोय.