तंबूंतून दिसलेलें रान

नागपूरहून वर्ध्याकडे निघालें म्हणजे वाटेंत बुटीबोरी लागते. आज हें गांव औद्योगिक वसाहतीसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, त्या सुमारास या काळ्या जमिनीच्या मुलखांत सरकारी अंमलदार हिंवाळाभर तंबूंतून राहत, आणि दफ्तराबरोबर त्यांची बंदूकही हिंडत असे.

१८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. नव्या प्रांताची जमाबंदी ठरवावयाची, जंगलें पाहावयाचीं, तर कचेरींत बसून कसें भागणार? एक तंबू रात्रींच बैलगाडीनें पुढच्या आमराईंत रवाना होई आणि सकाळीं साहेबांची स्वारी घोड्यावरून तेथें पोंचे. उघड्या माळावर काळविटांचे कळप दिसत. डोंगराच्या पायथ्याशीं चितळ आणि सांबर. तिन्हीसांज झाली कीं पाहणें संपे व ऐकणें सुरू होई. भेकराचें भुंकणें, चितळाची तीक्ष्ण आरोळी, सांबराचा खणखणीत इशारा! हे आवाज कोणत्या दिशेनें सरकत आहेत, यावरून न दिसणाऱ्या वाघाची वाट तंबूंतल्या माणसास कळे. ही विद्या मुळांत गोंड-कोरकू वाटाड्यांची. पुस्तकावर नांव मात्र साहेबांचें.

अशा पुस्तकांत कॅप्टन जेम्स फोरसाइथ याचा १८७१ सालीं प्रसिद्ध झालेला, मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचा ग्रंथ अग्रगण्य होय. फोरसाइथ जंगलखात्यांत होता, निमाडांत जमाबंदीचें कामही त्यानें केलें. आणि तो पट्टीचा शिकारी होता. तरीही वाघाविषयीं त्याचें मत विचार करण्याजोगें आहे. वाघांचे त्यानें तीन वर्ग केले: रानांतलें सावज मारणारा, गुरें उचलणारा आणि नरभक्षक. पैकीं पहिला माणसापासून दूर राहणारा, निरुपद्रवी, किंबहुना उपकारक. कारण पिकें फस्त करणारीं हरणें व रोही तो आटोक्यांत ठेवतो, असें त्यानें लिहून ठेवलें. शिकाऱ्याच्या लेखणींतून ही कबुली यावी, याचें नवल वाटतें.

सरकारला मात्र हा भेद परवडला नाहीं. वाघ, बिबट्या, रानकुत्रा यांना मारणाऱ्यास इनाम मिळे. सावज मारणारा वाघ कोणता आणि गुरें उचलणारा कोणता, हें कातड्यावरून कसें ओळखावें? माळावरचा खरा शिकारी चित्ता तर भारतांतून पार नाहींसा झाला. १९५२ सालीं तो नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. आफ्रिकेंतून आणलेले चित्ते मध्यप्रदेशांतल्या कुनोच्या रानांत सोडले गेले, ते २०२२ सालीं.

वाघाचें नशीब थोडें बरें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, पुढच्याच वर्षीं व्याघ्रप्रकल्प आला. वर्धा जिल्ह्यांतील बोर अभयारण्य १९७० सालचें. तें २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें. नोव्हेंबर २०१९ मध्यें नागपूर आणि बुटीबोरी यांच्या दरम्यान, वर्धा रस्त्यालगतच्या मिहान औद्योगिक परिसरांत लावलेल्या कॅमेऱ्यानें एक वाघ टिपला. विदर्भांतला शेतकरी आजही रात्रीं मचाणावर बसून रोही आणि रानडुकरें हांकलतो, आणि नुकसानभरपाईसाठीं वनखात्याकडे अर्ज करतो.