पाटी पुसली, ओळ उरली

आपल्यापैकी वडीलधारी मंडळी दगडी पाटीवर शिकली. ओले फडके फिरवले की चुकलेले गणित गेले. मग ते मास्तरांनाही दिसत नसे. वाशिंदच्या एका संगणकवर्गात काळ्या पडद्यावर आज्ञा लिहावयास बसलो तेव्हा आमचाही हाच समज होता. एकदा आज्ञेच्या ओळीतच आम्ही परवलीचा शब्द लिहून गेलो. घाईने 'क्लिअर' म्हटले, पडदा स्वच्छ झाला, आणि खिडकी तशीच उघडी ठेवून आम्ही निर्धास्तपणे घरी गेलो. मागाहून तेथे बसलेल्या मुलाने वरच्या बाणाची कळ दाबली मात्र, आमची ओळ जशीच्या तशी पुढे उभी!

असे का व्हावे? हा पडदा पाटीच्या कुळातला नव्हे, कागदाच्या कुळातला आहे. पूर्वी संगणकाचे उत्तर टेलिप्रिंटरच्या कागदावर उमटे. कागद पुसता येत नाही. फार तर पुढे सरकवून नवे पान घेता येते. अमेरिकेतील १९६३ च्या 'आस्की' संकेतसूचीत या नव्या पानाला १२ हा अंक मिळाला. इंग्रजीतले बारावे अक्षर एल. म्हणून लिनक्सच्या नेहमीच्या शेलमध्ये आजही कंट्रोल आणि एल दाबले की पडदा मोकळा होतो. कागद गेला, पान उलटण्याची खूण राहिली.

पडदा आपल्याला अगदीच परका होता असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या 'टिफ्रॅक'ला कॅथोड-किरण नळीचा पडदा होता. पुढे १९७० च्या दशकात पडद्यांची यंत्रे पुष्कळ झाली, पण पुसण्याची खूण ज्याची त्याची निराळी. तेव्हा बर्कलेच्या बिल जॉय यांनी त्या खुणांची जंत्रीच केली. १९७८ चे चोवीस ओळींचे 'व्हीटी १००' पुढे इतके रूढ झाले की आजच्या खिडक्याही त्याचीच नक्कल करतात. 'क्लिअर' अशाच जंत्रीत पाहून पडद्याला खूण पाठवते. शेल आपल्या आज्ञा ज्या वहीत टिपून ठेवते, त्या वहीशी तिचा संबंधच नाही.

जाणती यंत्रे परवलीचा शब्द वेगळा विचारतात आणि तेवढ्यापुरते अक्षर उमटवणेच थांबवतात. हीही कागदाच्या दिवसांतली रीत. उमटलेला कागद टोपलीतून कोणाच्याही हाती लागे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलानेच आम्हांला बाजूला घेऊन हे सांगितले. आम्ही आधी परवलीचा शब्द बदलला, मग त्याच्याकडूनच वहीतली ती ओळ काढावयास शिकलो.