मॅट्रिकचं दार

चौथीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत शिकलो. पाचवीला इंग्रजी हायस्कुलात गेलो आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात मराठी बोललो म्हणून चार आणे दंड भरला. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "कॉलेजात जायचं तर एवढं सोसायला हवं."

गोव्यातल्या माझ्या पिढीच्या पुष्कळांनी हे ऐकलं असेल. कॉलेज हवं तर भाषा मागे ठेवायची! हा व्यवहार मला कित्येक वर्षं अटळच वाटायचा. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा इतिहास वाचला आणि मत बदललं.

तिथे १८६७च्या कायद्याने माओरी गावांत सरकारी शाळा निघाल्या. शिकवायचं इंग्रजीतून. पुढे माओरी बोलणाऱ्या मुलांना छड्याही मिळू लागल्या. याच काळात ते आऊते या मिशनच्या शाळेत जॉन थॉर्नटन नावाचे हेडमास्तर होते. माओरी मुलांना लॅटिन, भूमिती, बीजगणित शिकवून ते मॅट्रिकला बसवत. त्यांचा विद्यार्थी आपिराना न्गाटा १८९३ साली तिथल्या विद्यापीठाचा पहिला माओरी पदवीधर झाला. पीटर बक डॉक्टर झाला, पुढे नामवंत मानववंशशास्त्रज्ञही.

सरकार खूष व्हायला हवं होतं, नाही का? पण शिक्षणखात्याचे प्रमुख जॉर्ज हॉगबेन यांचं म्हणणं, माओरी मुलांना शेती आणि हातकामच शिकवा. १९०६च्या चौकशी आयोगानेही शेतीशिक्षणाचीच शिफारस केली. म्हणजे भाषा तर आधीच शाळेबाहेर काढली होती, आता कॉलेजचं दारही लोटून घेतलं. ज्या व्यवहारासाठी माओरींनी भाषा मागे ठेवली, तो व्यवहारही सरकारने पाळला नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९१३ साली शाळेतली ९० टक्के माओरी मुलं आपली भाषा बोलत. १९७५ साली ५ टक्केही उरली नाहीत.

मग लोकच उठले. १९७२ साली तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला. १९८२ साली 'कोहांगा रेओ' म्हणजे भाषेची घरटी सुरू झाली. आज्या-आजोबांनी तान्ह्या मुलांशी फक्त माओरीत बोलायचं, एवढीच त्यांची रीत. ती मुलं मोठी झाल्यावर जाणार कुठे? म्हणून १९८५ साली ऑकलंडला होआनी वाइतिती मराईवर, म्हणजे समाजाच्या सभास्थानी, पहिली 'कुरा कौपापा माओरी' शाळा निघाली. सरकारी मान्यता आली ती १९८९च्या कायद्याने. तिथे वंशावळ आणि गाणी शिकवतात, तसंच गणित आणि विज्ञानही माओरीतूनच. त्यासाठी नवे शब्द घडवावे लागले. पुढे याच वाटेवर माध्यमिक वर्ग निघाले. तिथून मुलं विद्यापीठात जातात.

आपली गोष्ट वेगळी आहे, हे मला कळतं. मराठीवर तशी वेळ आलेली नाही, आणि इंग्रजीने मला नोकरी दिली हेही खरं. पण दंडाचे चार आणे कशासाठी भरले, याचं उत्तर आता सापडत नाही. कॉलेजसाठी ते भरायची गरज नव्हती.

माझ्या मुलीच्या प्रवेशअर्जावर माध्यमाच्या रकान्यात 'इंग्रजी' असं मीच लिहिलं. कचेरीत रोज दुसऱ्यांचे अर्ज तपासणारा मी, स्वतःचा अर्ज मात्र न वाचताच सही करून दिला.