अर्ध्या तिकिटाचा मे महिना

कोकणी माणसाच्या तोंडी ‘बोट लागली’ या दोन शब्दांना दोन अर्थ होते. एक, बोट बंदराला आली. दुसरा, पोटातलं सगळं ढवळून वर आलं. मे महिन्यात मुंबईहून गावी निघालेल्या पोरांच्या बाबतीत दुसरा अर्थ पहिल्याच्या बराच आधी खरा व्हायचा. आया आवळासुपारी आणि लिंबू पदराला बांधूनच डेकवर चढत. ट्रंक, वळकट्या, पितळी डबे आणि त्यांच्यामध्ये कोंबलेली तीन-चार मुलं अशी एकेका कुटुंबाची वसाहत डेकवर बसली की बाप खाली उतरायचा. तो धक्क्यावरूनच हात हलवणार असायचा, कारण त्याची रजा मंजूर झालेली नसायची.

बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींनी कोकणाला मुंबईशी जोडलं ते एकोणिसाव्या शतकात. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं दर्यावर्दी कुटुंबातली मुलं पाढ्यासारखी घडाघडा म्हणत. यातल्या बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी पोराला बखोटीला धरून उचलत आणि खालच्या माणसाच्या हातात देत. पाणी उथळ असलं तर पडावातून उतरल्यावर शेवटचे काही हात कोणाच्या तरी खांद्यावर बसून पार करायचे. शहरात वाढलेल्या मुलाची गावाशी पहिली ओळख ही अशी, एका अनोळखी माणसाच्या ओल्या खांद्यावरून व्हायची. पुढे बैलगाडी, खाडी आडवी आली की होडीची तर, आणि उरलेली वाट पायी.

या प्रवासाला ‘सुट्टीत फिरायला जाणं’ म्हणावं का? समुद्र, माडाची बनं, आंबे, फणस, महिनाभर शाळा नाही: वर्णनात सगळं सहलीचं आहे. पण ही प्रथा जन्माला आली ती हौसेतून नाही. ती आली मुंबईच्या गिरण्यांमुळे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, डिलाइल रोड या पट्ट्यात भोंगे वाजू लागले आणि त्या भोंग्यांच्या मागे रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं चालत आली. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. जमीन कातळाची, शेती एका पावसाची, खाणारी तोंडं फार. घरटी एक-दोन पुरुष मुंबईला गेले. ते एका खोलीत दहा-पंधरा जण मिळून राहत आणि खाणावळीत जेवत. बायको, मुलं, म्हातारी माणसं गावीच राहिली. दर महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर आणायचा. त्या पिढीतल्या मुलांना बाप माहीत होता तो शिमग्याला आणि गणपतीला येणारा पाहुणा म्हणून. येताना खाऊ आणि कापड आणायचा, चार दिवसांनी निघून जायचा. ‘चाकरमानी’ हा शब्द त्याच्यासाठी घडला.

मे महिन्याचा प्रवास सुरू झाला तो हे चित्र उलटल्यावर. हळूहळू बायका मुंबईत आल्या, चाळीत संसार थाटले गेले, मुलं म्युनिसिपालिटीच्या शाळेत जाऊ लागली. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे दोनशेहून अधिक इमारती उभ्या केल्या. त्याच या बीडीडी चाळी. एका खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. तेवढ्यात नवराबायको, मुलं, शिवाय गावाहून नोकरीसाठी आलेला दीर आणि भाचा. रात्री पुरुष खोलीबाहेर झोपत. अशा खोलीतल्या उन्हाळ्यात शाळा बंद झालेली चार मुलं दिवसभर घरात म्हणजे काय, हे त्या खोलीत राहिलेल्यालाच कळावं.

तेव्हा मुलं गावी धाडणं ही आधी सोय होती. पण तिच्यात दुसरंही काही होतं. गावी आजी-आजोबा होते, सातबाऱ्यावर नाव होतं, देवघरात कुळाचे देव होते. मुलगा मुंबईत जन्मला तरी तो ‘आपल्या गावचा’ आहे हे वर्षातून एकदा सिद्ध करावं लागे. गणपतीला बाप ते चार दिवसांत उरकायचा. मुलांना मात्र त्यासाठी अख्खा मे महिना होता.

बापाला एवढा वेळ का नसे, याचं उत्तर कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. वर्षभर नेमाने पाळी भरणाऱ्याची ती जेमतेम पंधरा दिवस होते. त्यातून शिमगा काढायचा, गणपती काढायचा, आजारपण काढायचं. मे महिन्याच्या वाट्याला फार तर शेवटचा आठवडा. म्हणून बाप यायचा तो परतीची सोबत म्हणून.

आणि आईची सुट्टी? चाळीतल्या नळाची रांग सुटली की विहिरीचा रहाट हातात यायचा. दोन माणसांच्या घरात एकाएकी पंधरा-वीस माणसं झालेली. पहाटे चूल पेटायची ती घावनांसाठी, दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा. सासू वर्षभर वाट पाहत असे, ती नातवंडांची आणि कामाला येणाऱ्या हातांचीही. मध्ये कधीतरी चार-आठ दिवस माहेर पदरात पडे. तिथे मात्र तिला कोणी उठवत नसे.

मुलांनाही काम होतं, फक्त त्याला कोणी काम म्हणत नसे. कोकणातला मे महिना म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा महिना. भाजावळ करून तरव्याची जमीन तयार ठेवायची, लाकूडफाटा भरायचा, आंबापोळी, फणसपोळी, पापड, सांडगे वाळवायचे. सगळ्यात मुलांच्या आवडीचं होतं ते आमसुलांचं काम. परड्यातल्या झाडाखालून रातांबे गोळा करून आणायचे, आजीने ते कापले की आतल्या बिया आणि गर एका भांड्यात, साली दुसऱ्यात. गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या आणि खळ्यात कडक उन्हात पसरायच्या. संध्याकाळी गोळा करायच्या, पुन्हा रसात घालायच्या, पुन्हा उन्हात. असं बरेच दिवस चालायचं, तेव्हा कुठे लालभडक साल काळपट जांभळी होऊन वर्षभर टिकायची. पोरांची बोटं, ओठ आणि सदरे तोवर त्याच रंगाचे झालेले असत. बियाही फुकट जात नसत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येई. ते थिजू लागलं की मुठीत दाबून गोळे वळायचे. हेच मुठेल. थंडीत टाचा फुटल्या की मुंबईच्या चाळीत त्याचा गोळा चुलीजवळ धरून चोळला जाई.

या वाळवणांवर पहारा मुलांचाच. कावळा, कोंबडी, गाय, आणि मेच्या अखेरीस वळवाची सर. आभाळ भरून आलं की घरातून एकच हाक यायची आणि सगळा पोरवडा सुपं-टोपल्या घेऊन खळ्यात धावायचा.

याच काळात उलट दिशेने दुसरा प्रवास चालू असायचा. मुलं मुंबईहून दक्षिणेला यायची आणि हापूस पेट्यांत बसून उत्तरेला जायचा, आधी बोटीने, मग ट्रकने. हापूस हा घरच्या झाडाचा असला तरी खायचा आंबा नव्हता, विकायचा होता. त्या पैशांतून दुकानाची उधारी फिटायची. मुलांच्या वाट्याला यायचे ते डागी, वाऱ्याने पडलेले, आणि मनसोक्त रायवळ. बिटक्या पिळून-चोखून कोयी भिंतीवर मारायच्या. मुंबईत परतल्यावर शेजारच्या मुलाने ‘गावाला हापूस किती खाल्लेस?’ विचारलं की खोटं बोलण्यावाचून इलाज नसे.

रात्री खळ्यात चटया पडत. फणसाच्या भाजलेल्या आठळ्या आणि गावातल्या भुतांची नावनिशीवार यादी: पिंपळावरचा मुंजा, ओहोळावरचा गिऱ्हा, जुन्या वाड्यातला ब्रह्मसमंध. वीज नव्हती, त्यामुळे भुतांना पुष्कळ जागा होती. दिव्याच्या झगमगाटात राहणाऱ्या मुंबईकर पोरांना घाबरवणं हा गावातल्या चुलतभावांचा वर्षभर जपलेला बेत असे.

पाऊस हा या सुट्टीचा शेवटचा दिवस ठरवायचा. तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाबरोबर पाऊस येतो, पण समुद्र त्याआधीच फिरतो. मे सरता सरता लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत त्या थेट पावसाळा संपेपर्यंत. शेवटची बोट चुकली तर शाळा चुकली. मुंबई बंदराच्या आसपासच्या छोट्या फेऱ्या पावसातही चालत, आणि त्यांतली एक कोकण कधी विसरलं नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्या तोंडावर होती, बोटीत सणाला घरी निघालेली माणसं होती. त्यानंतर कित्येक घरांत पोरांना बोटीत चढवताना आजी देवाला नारळ बोलायची.

पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. कोकणातल्या घाटवाटांवर एसटी पोहोचली तशी बोटीची मक्तेदारी सैल होत गेली. खलाशाच्या खांद्याची जागा खिडकीने घेतली. ‘बोट लागणे’ मागे पडलं, ‘गाडी लागणे’ आलं. कशेडी घाटातल्या वळणांनी ते नाव सार्थ केलं.

एसटीने या प्रवासात एक नवं नाटकही आणलं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं, बाराच्या पुढे पूर्ण. त्यामुळे कंडक्टर शेवटच्या बाकापर्यंत येईतो घरोघरची मुलं झपाट्याने लहान होत. सात वर्षांचा बाळ्या आईच्या मांडीवर आक्रसून साडेचार वर्षांचा होई आणि तेराव्या वर्षात मिसरूड फुटू पाहणारा दादा ‘अकरा पूर्ण’ म्हणून अर्ध्या तिकिटावर बसे. कंडक्टरही बहुधा कोकणातलाच. तो मुलालाच विचारायचा, “कितवीत रे तू?” पढवलेलं मूल वय बरोबर सांगे, इयत्ता मात्र पढवायची राहिलेली असे.

गंमत म्हणजे याच काळात आगीनगाडीत बसून मामाच्या गावाला जाण्याचं बालगीत मराठी मुलं घराघरांत म्हणत होती. कोकणातल्या मुलांचा मामा ज्या गावी होता तिथे रूळच नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिने उलटले, पगार थांबले, आणि अनेक कुटुंबं गावी परतली. मुंबईत शिकणारी कित्येक मुलं त्या काळात गावच्या शाळेत बसू लागली. पाहुणे म्हणून येणाऱ्या घरात ती आता राहायला आली होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मिटत गेल्या, पण प्रवास टिकला, कारण तोवर चाकरमान्याची पुढची पिढी बँकेत, महापालिकेत, पोलिसांत, गोदीत लागली होती.

मग खरोखरच आगगाडी आली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि कोकणातून निवडून येणारे मधू दंडवते अर्थमंत्री, हा योग जुळला होता. नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल उभारत २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग मार्ग खुला झाला. मुलांना नवा खेळ मिळाला: बोगदे मोजणं. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्याच्या अंधारात मोजणी नक्की चुकते, कारण तोवर कोणीतरी कोणाला चिमटा काढलेला असतो.

रेल्वेने अर्ध्या तिकिटाचाही हिशेब बदलला. एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. अर्धं भाडं घ्यायचं तर बर्थ नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये अजूनही एका बर्थवर आई आणि दोन मुलं उलटसुलट झोपलेली दिसतात, डेकवरच्या वळकटीसारखीच.

गावाकडे मात्र बरंच हललं आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत घरं नोंदवली गेली. आजी-आजोबा गेलेली, एरवी गणपतीपर्यंत कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवली जाणारी घरं रंगवून होमस्टे झाली. मालवण, तारकर्ली, गुहागर, हर्णैच्या पडव्यांत आता पुण्याची, कोल्हापूरची, बंगळुरूची मुलं उतरतात. त्यांना रहाट दाखवतात, घावन-रस वाढतात, रातांबे कसे कापतात तेही हौसेने करायला देतात. अंगणात दरपत्रक लावलेलं असतं. लहान मुलांना बहुधा सवलत असते, आणि नोंदवहीत वय लिहायची वेळ आली की कुठल्यातरी सात वर्षांच्या मुलाची आई त्याच्याकडे न बघता सांगते, पाचवं लागायचंय अजून.